बैठकीतलं कनेक्शन

"ताई, तू गेस्टवर टाक," गजेंद्र जिन्याच्या वरच्या पायरीवरून म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता परत आपल्या खोलीत गेला. दार लागल्याचा आवाज आला. चंदा खाली बैठकीत कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडद्याच्या कोपऱ्यात दोन नावं आली होती, एकाखाली एक. गजेंद्र होम. गजेंद्र गेस्ट. तिने दुसऱ्या नावावर बाण नेला, गजेंद्रने सकाळी सांगितलेला पासवर्ड टाकला आणि ते छोटं चक्र फिरताना बघत राहिली. कनेक्टेड. मग बाबांचा मोबाइल घेतला आणि त्यातही तोच पासवर्ड टाकला. बाबा दिवाणच्या पलीकडे खुर्चीत डोळे मिटून बसले होते. त्यांना काय, सकाळी एक कीर्तन, दुपारी कापसाचे भाव आणि संध्याकाळी गावाकडच्या कुणाचा तरी व्हिडिओ, एवढं लागलं की झालं. सगळं जागच्या जागी होतं. एप्रिल महिना होता, कूलरमधून वाळ्याचा ओला वास येत होता, बाहेर कौलखेडच्या रस्त्यावर ऊन नुसतं पांढरं झालं होतं. आणि तरी चंदाला वाटलं, आत कुठेतरी पायरी चुकावी तसं झालं. एवढंसं. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं. गेल्याच आठवड्यात तिने ऑनलाइन वर्गात मेलबर्नच्या मुलांना शिकवलं होतं: पाहुणा, पाहुणी, पाहुणे, पाहुण्या. जुईली नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं होतं, पाहुणी आपल्या घरी किती दिवस राहिली की पाहुणी नसते? चंदा हसली होती. असा काही नियम नाही गं, म्हणाली होती.

गजेंद्र आणि त्याची बायको आचल पुण्याहून येऊन तीन आठवडे झाले होते. कंपनीने त्याला कायमचं घरून काम करायची मुभा दिली होती आणि पुण्यात दोन खोल्यांत कोंडून घेण्यापेक्षा अकोल्यात बापाच्या घरात राहू, असं त्याने ठरवलं होतं. बाबा आता ऐंशीला आले, ताई एकटी किती करणार, हेही तो फोनवर म्हणाला होता, आणि ते मनापासून म्हणाला होता. चंदाला बरं वाटलं होतं. तो आला त्याच दिवशी त्याने बैठकीतला तो काळा डबा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "ताई, हे काय खेळणं वापरून राहिली? यावर माझी मीटिंग नाही चालणार." ते कनेक्शन चंदाचं होतं. आईच्या आजारपणात शाळेची नोकरी सुटली, आई गेल्यावर परत शाळेत कुणी घेईना, तेव्हा तिने घेतलेलं. डब्यातून निघालेली वायर सरळ कॉम्प्युटरच्या पाठीत जायची. सकाळी अमेरिकेतली मुलं, दुपारी ऑस्ट्रेलियातली. मराठी आईबापांची, मराठी विसरत चाललेली मुलं. ती त्यांना वाचायला शिकवायची, बोलायला शिकवायची, आणि बोलता बोलता तोंडून 'मले' निघालं की जीभ चावून 'मला' म्हणायची. पुण्याकडच्या एका आईने एकदा नम्रपणे सुचवलं होतं, बाई, उच्चाराकडे जरा लक्ष द्याल का.

नवं बसवायचं ठरलं तेव्हा गजेंद्र उत्साहात होता. लहानपणी पतंगाचा मांजा सुतवायचा, तसाच. नवा राउटर आला, वायरचं पांढरं भेंडोळं आलं, भिंतीत ठोकायच्या चिमट्यांचा पुडा आला. "आता घरात कुठेही बस, सगळ्या मशिनी एकाच लाइनवर," तो म्हणाला. चंदाने स्टूल धरलं. त्याने बैठकीच्या खिडकीतून येणारी मूळ तार काढली, जिन्याच्या कडेने वर नेली, आईच्या फोटोखालून एक वळण दिलं, आणि वरच्या खोलीच्या भिंतीला ड्रिलने भोक पाडलं. घर हादरलं. बाबा दचकून म्हणाले, "काय पाडून राहिला बे?" चुना आणि विटेची लाल भुकटी जिन्यावर सांडली आणि ती चंदाने झाडून घेतली. मग वरून गजेंद्रची हाक आली, "ताई, तुझ्या मोबाइलवर ओटीपी आला असेल, सांग." कनेक्शन तिच्या नावावर होतं म्हणून आकडे तिच्याकडे आले होते. तिने ते जिन्याखाली उभं राहून मोठ्याने वाचले. त्याने परत म्हणून खात्री करून घेतली. त्या आकड्यांबरोबर काहीतरी हातातून वर गेलं, असं तिला तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा ती केरसुणी हातात घेऊन उभी होती आणि आचलने मांडलेल्या चहाला उकळी आली होती. तिच्या जुन्या कॉम्प्युटरला त्याने पाठीमागे नखाएवढा वायफायचा तुकडा लावून दिला. प्रिंटरही वर गेला, कारण त्यालाही आता सगळ्यांशी जोडायचं होतं.

वरची खोली म्हणजे गजूची खोली. ती बांधली तेव्हा गजू बारावीला होता आणि त्याला अभ्यासाला शांतता हवी होती. बाबा कृषी विद्यापीठात नोकरीला होते, संध्याकाळी येऊन स्वतः विटांवर पाणी मारायचे. मग गजू शिकायला गेला, नोकरीला गेला, लग्न करून पुण्यातच राहिला, पण खोली गजूचीच राहिली. दिवाळीत चार दिवस, उन्हाळ्यात आठ. बाकी वर्षभर चंदा दर आठवड्याला वर जाऊन झाडायची, गादी उलटायची, खिडक्या उघडून बंद करायची. तिथे पंख्याखाली एखाद्या दुपारी आडवं व्हावं असं तिच्या मनात आलं नसेल असं नाही. पण कुणाच्या तरी अंथरुणात झोपल्यासारखं झालं असतं. ती खाली यायची आणि बैठकीतल्या दिवाणवर टेकायची. तिचा बिछाना तोच होता. सकाळी उठून चादर ओढली, लोड लावले की पुन्हा बैठक. कपडे आईबाबांच्या खोलीतल्या कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांत. वीस-बावीस वर्षं झाली असतील. कुणी तिला तिथे झोप म्हणून सांगितलेलं नव्हतं. ती परत आली त्या दिवशी बाबांनी तिची सुटकेस उचलली आणि जवळ पडते म्हणून बैठकीत ठेवली, एवढंच.

ती अमरावतीहून आली होती. दस्तुरनगरमधल्या सासरच्या घरात ती चार वर्षं होती आणि चारही वर्षं तिचं सामान पूर्ण असं कधी उघडलंच गेलं नाही. नवरा वाईट नव्हता. मारझोड नव्हती, दारू नव्हती. तो घरात असायचा आणि नसायचा. मूल झालं नाही. सासूबाई फोडणीत लसूण आधी पडला की म्हणायच्या, "तुमच्याकडे करत असान तसं." आमच्याकडे. ते ऐकून सुरुवातीला ती खट्टू व्हायची, मग सवय झाली, मग एका सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना तिला कळलं की या घरात ती एकही वस्तू न विचारता उचलत नाही. त्यात भांडण करण्यासारखं काही नव्हतं. काही दिवसांनी तिने एसटी पकडली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा तिने उसाचा रस घेतला होता आणि तो फार गोड लागला होता. घरी फाटक उघडलं. आई अंगणात होती. सुटकेसकडे बघून आई म्हणाली, "किती रोज राहतं वं?" किती दिवस राहणार, याचं चंदाने काही उत्तर दिलं नव्हतं. आईनेही पुन्हा विचारलं नाही, मरेपर्यंत विचारलं नाही. अर्धांगाने तिची जीभ गेली, तेव्हा चंदानेच तिला भरवलं, पुसलं, उठवलं. पण प्रश्न विचारला गेला होता, आणि उत्तर मिळालं नाही म्हणून तो संपला असंही नव्हतं.

गेस्टवर गेल्यापासून वर्ग नीट होईनात. आधी तिला वाटलं उन्हाने असेल, मग वाटलं कॉम्प्युटर म्हातारा झाला. जुईलीचा चेहरा बोलता बोलता थिजायचा, तोंड अर्धं उघडं, डोळे मिटलेले, आणि आवाज मागून तुकड्यातुकड्यांनी यायचा. "मावशी, तुम्ही दिसत नाही." "मावशी, तुम्ही रोबोसारख्या बोलता." चंदा कॅमेरा बंद करून नुसत्या आवाजावर शिकवायची, पण मुलांचं लक्ष आवाजावर किती टिकणार. आंधळ्या कोशिंबिरीसारखं व्हायचं, तीच डोळे बांधून फिरते आहे आणि मुलं कुठे आहेत कळत नाही. तिला धडा कागदावर छापून समोर ठेवायची सवय होती, पडद्यावर वाचताना डोळ्यांतून पाणी यायचं. आता तिच्या कॉम्प्युटरला प्रिंटर दिसेना. ती आचलला म्हणायची, "एक पान काढून देतं का?" आचल लगेच द्यायची, हसून द्यायची, पण रोज मागायचं म्हणजे मागणंच. चंदाने पानं मागायची कमी केली. गजेंद्रला सांगावं, असं दिवसातून दोनदा मनात यायचं. मग वरून त्याचा आवाज यायचा, इंग्रजीतून, ठणठणीत, मध्येच हसणारा. तो कामात असायचा. आणि तिच्या सांगण्याला सुरुवात कुठून करायची हेच कळायचं नाही. तिला न सांगण्याचीच इतकी सवय झाली होती, की तोंड उघडलं तर त्या एका वाक्यामागून काय काय बाहेर येईल याची तिला स्वतःलाच खात्री नव्हती. एका शुक्रवारी जुईलीच्या आईचा निरोप आला. सभ्य होता. दोन आठवडे काही धड होत नाहीये, मुलीचा मूड जातो, आपण सध्या थांबूया, तुमचं कनेक्शन सुधारलं की कळवा. चंदाने तो दोनदा वाचला. मग उठून बाबांना ताक दिलं. त्या रात्री दिवाणवर पडल्यावर तिला आठवलं, जुईली नेहमी वर्ग संपला की पडद्याच्या अगदी जवळ येऊन हात हलवायची, सगळा पडदा तळहातच व्हायचा.

कळलं ते गच्चीवर. सकाळीच, ऊन चढायच्या आत, आचल आणि ती कुरड्या घालत होत्या. आचल अचलपूरकडची, हाताने चटपटीत, बोलायला मोकळी. साच्याची मूठ फिरवताना तिचा चेहरा लाल झाला होता. वर्ग कसे चाललेत, असं तिनेच विचारलं.

"तुटते वं सारखं," चंदा म्हणाली. "एक पोरगी गेली सोडून."

"अय्या! सांगायचं ना ताई." आचल थांबली. "ते गेस्टवरचं स्पीड यायनं कमी करून ठेवलं ना. बाबाचे व्हिडिओ सुरू झाले का यायची मीटिंग तुटे, म्हणून. मले वाटलं तुमाले सांगितलं असन."

"नाही सांगितलं."

"विसरले असतील. इतकं काम आहे त्यायले." तिने पुन्हा साचा फिरवायला घेतला. "मी सांगते आज."

"नको," चंदा म्हणाली. "मी बोलतो." पांढऱ्या वेटोळ्यांवरून तिने माशी हाकलली. तिला राग आला नव्हता, हेच तिला विचित्र वाटलं. उलट खूप दिवसांनी पाय दुखतोय तो नेमका कुठे हे डॉक्टरने दाबून दाखवावं तसं झालं होतं. हो, इथेच. ती आता विचार करत होती तो वायरचा नव्हता. दुधाची पातेली तिला दिसत होती. आई साय काढायची ती वाटीत, आणि वाटी गजूसमोर. चंदा आठ-नऊ वर्षांनी मोठी, तिला कधी सायीची हौस नव्हती, सगळेच म्हणायचे की चंदाले साय आवडत नाही. आणि ते खरंही असेल. ती लहानपणापासून तेच ऐकत आली होती, मग आवडणं-न आवडणं तिचं तिने कधी ठरवलं? आईने काही अन्याय केला असं नाही. गजूनेही केला नव्हता. त्याने फक्त कुठल्या मशिनीला आधी द्यायचं आणि कुठल्या मशिनीला उरलेलं, ते ठरवलं होतं, आणि ते ठरवताना त्याचा हात अडखळला नव्हता.

दुपारी ती वर गेली. हातात चहा नव्हता, धुतलेले कपडे नव्हते, रिकाम्या हाताने त्या खोलीत जायची तिची ही पहिलीच वेळ असावी. दार लोटलेलं होतं. गजेंद्रच्या कानावर हेडफोन होता, त्याने तिला बघून एक बोट वर केलं. एक मिनिट. ती उंबऱ्यावर थांबली. एसीची थंड हवा पायांवर येत होती. भिंतीत पाडलेल्या भोकातून तिची तार आत आली होती, राउटरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. एक मिनिटाची पाच झाली. शेवटी त्याने हेडफोन मानेवर सरकवला. "बोल ताई."

तिने वर येता येता वाक्यं जुळवली होती, वर्गाची, जुईलीची. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"गजू, मी या घरात पाहुणी होय काय?"

त्याला क्षणभर कळलंच नाही. मग तो हसला, मोकळा, लहानपणचा. "अगं, ते गेस्ट? ते नुसतं नाव असतं ताई. सगळ्या राउटरमध्ये असतं. ऑफिसच्या लॅपटॉपबरोबर घरातल्या बाकी मशिनी ठेवायच्या नाहीत असा आमचा नियम आहे. म्हणून तुला आणि बाबांना वेगळं केलं."

"अन् स्पीड?"

"ते..." तो खुर्चीत सरळ झाला. "हां, ते मी कमी केलं होतं. बाबांसाठी. तुझाही कॉम्प्युटर त्यातच आहे हे माझ्या डोक्यातच नाही आलं. तुझं काय, दुपारचा अर्धा-पाऊण तास असतं ना ते."

"तीन वर्ग असतात माझे रोज. एक लेकरू गेलं सोडून."

"अरे बापरे. मग सांगायचं ना! दोन मिनिटांचं काम होतं." त्याचा चेहरा खरोखर पडला होता. तो लगेच वळला, काहीतरी उघडलं, पटपट टिचक्या मारल्या. "तुला तिसरंच एक करून देतो वेगळं. फुल स्पीड. प्रिंटरही देतो. जा, बघ आता." आणि मग, ती अजून उंबऱ्यावरच आहे हे बघून, "अजून काही?"

जिन्याखालून बाबांचा आवाज आला. "काय झालं वं?"

"काही नाही बाबा," गजेंद्र ओरडला, "ताईचं नेट."

"त्याले काम करू दे ना चंदा. मंग पाह्यजो तुहं."

ती खाली आली. बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही, ते मोबाइलवर काहीतरी शोधत होते. त्यांनी मुद्दाम काही म्हटलं नव्हतं. पाऊस आला तर कपडे काढा, इतक्या सहजपणे ते बोलले होते. संध्याकाळी तिने जुईलीच्या आईला कळवलं, कनेक्शन सुधारलं आहे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जुईली पुन्हा आली. पडदा लख्ख होता. मुलीच्या दातातली नवी फट दिसत होती, मागच्या भिंतीवरचं चित्र दिसत होतं. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत चंदाला स्वतःचा चेहराही स्वच्छ दिसत होता, इतका स्वच्छ तो तिने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. डोळ्यांखाली सैल झालेली कातडी, कानाजवळचे पांढरे केस. आणि मागे दिवाण होता, लोड होते; पाणी प्यायला उठलेले बाबा, स्वयंपाकघरात जाणारी आचल, सगळे तिच्या पाठीमागून ये-जा करत होते. वर्ग उत्तम झाला. आता तक्रार करायला काही उरलं नव्हतं. ती कॉम्प्युटर बंद करून तशीच बसून राहिली आणि तिला इतकं थकल्यासारखं झालं की हात उचलून कपाळावरचा घाम पुसणंही नको वाटलं. जोवर नेट तुटत होतं तोवर सगळा दोष नेटवरच घालता येत होता.

सीमा तिची शाळेतली जुनी मैत्रीण. आता अमरावतीला, कठोरा नाक्याकडे स्वतःच्या घरात होती. तिच्या माडीवरची खोली भाडेकरू गेल्यापासून रिकामी होती आणि गेली दोन वर्षं ती फोनवर गमतीत म्हणायची, ये इकडे, दोघी मिळून म्हाताऱ्या होऊ. चंदाने फोन केला आणि विचारलं, खोली अजून रिकामी आहे का. पलीकडे सीमाने टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाली, "कधी येतं?"

घरात सांगितलं तेव्हा गजेंद्र दुखावला. तो चिडला असता तर चंदाला सोपं गेलं असतं. "अगं मी नीट केलं ना सगळं! आता चालतंय ना? मग?" तो खोलीत येरझाऱ्या घालत होता. "लोक काय म्हणतील ताई, भाऊ आला अन् बहीण निघून गेली. मी काय तुला जा म्हटलं का? कधी म्हटलं का?"

"नाही म्हटलं," चंदा म्हणाली. "कोणीच नाही म्हटलं."

"मग काहून चालली?" पुण्याने धुऊन काढलेली भाषा त्याच्या तोंडून घसरली होती. चंदाला त्याच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला. तिने त्याला कडेवर घेऊन फिरवलं होतं, ताप आला की मांडीवर घेऊन बसली होती. त्याला काय सांगायचं? की मला माझी तार माझ्या खोलीत हवी आहे? खोलीच नाही. ती म्हणाली, "मी थकली रे. तिकडे जाऊन जरा पाहतो." आचल मुकाट्याने डबे भरायला लागली. तिला कदाचित सगळ्यांत जास्त कळलं होतं. सकाळी रिक्षा आली तेव्हा बाबा फाटकाशी उभे होते, कॉम्प्युटरचा खोका रिक्षात नीट बसतो का ते बघत. "दोरी बांध बरं," रिक्षावाल्याला म्हणाले. "काचेचं आहे." तिच्याकडे बघून मात्र फक्त मान हलवली.

अमरावतीत उतरताना तिला वाटलं होतं, छातीत काहीतरी होईल. काही झालं नाही. दस्तुरनगर शहराच्या दुसऱ्या बाजूला होतं, आणि ती सून कोण होती हे तिला आता नीट आठवतही नव्हतं. सीमाची खोली चौकोनी, पत्र्याच्या छताखाली असल्यामुळे दुपारी तापायची, एक खिडकी, एक मोरी, एक लोखंडी पलंग. सीमा म्हणाली, "आमचंच नेट वापर वं, कायले वेगळं घेतं? पासवर्ड देतो." चंदा म्हणाली, नको. तिने आग्रहाने स्वतःचं घेतलं. तारवाला आला, चाळिशीतला, पान खाणारा. त्याने खोलीत चहूकडे बघितलं. "कितीक मशिनी?" "एक," चंदा म्हणाली. "बाकी घरातले?" "बाकी कोणी नाही." "मंग सरळ वायर लावून देतो मॅडम, वायफायची झंझटच नाही." तो गेल्यावर तिने दार लावलं, कडी घातली. मग पलंगावर पडली. झोपेचा विचार नव्हता. पण डोळे उघडले तेव्हा अंधारून आलं होतं आणि खालून सीमा चहासाठी हाका मारत होती. किती तरी दिवस ती तशीच झोपत राहिली. वर्ग घ्यायचे, खिचडी टाकायची, झोपायचं. आजारी आहेस का, सीमाने विचारलं. नाही, चंदा म्हणाली, आणि पुन्हा झोपली. हे सुख होतं का, तिला ठरवता येत नव्हतं. रात्री कधी जाग आली की कान बाबांच्या खोकल्यासाठी टवकारायचे. खोकला यायचा नाही. मग ती उठून पाणी प्यायची आणि बराच वेळ खिडकीशी बसायची.

मे महिन्याच्या शेवटी एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली, सावकाश, पायरीपायरीला थांबत. तिला वाटलं सीमाकडे कुणी आलं असेल. दार उघडलं तर बाबा. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, हातात आचलने दिलेल्या कुरड्यांची पिशवी, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. एकटेच एसटीने आले होते, भर उन्हात.

"बाबा! असे कसे आले तुमी? गजूले माहीत आहे काय?"

"आमाले एसटी फुकट असते ना आता," ते म्हणाले. "म्हटलं, पाहून येऊ." त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, आत घेतल्या, पुन्हा बाहेर ठेवल्या. खुर्ची एकच होती, त्यावर पुस्तकं होती, ती तिने उचलेपर्यंत ते भिंतीला टेकून उभे राहिले. पाणी प्यायले. हातपाय धुवायला मोरीकडे जाताना म्हणाले, "इथंच धुऊ ना?" मग खिडकी बघितली, पत्रे बघितले. "तापते फार," एवढंच म्हणाले. घरच्या बातम्या दोन वाक्यांत संपल्या. गजू बरा आहे, आचल बरी आहे, बोरिंगचं पाणी खाली गेलं. तिने गूळ घालून कैरीचं पन्हं केलं. ते दोन्ही हातांनी भांडं धरून प्यायले आणि एकाएकी म्हणाले, "तू आली ना अमरावतीहून, तवाच तुले वर खोली द्याले पायजे होती. मी म्हटलं, गजू शिकून येईन." ते थांबले. भांडं कुठे ठेवावं हे न कळून हातातच धरून राहिले. चंदाने ते घेतलं. बोलण्यासारखं बरंच होतं आणि त्यातलं काहीही आता त्यांच्या अंगावर टाकावं असं तिला वाटेना. ते फार थकले होते. "पडा जरा," ती म्हणाली. "माह्या वर्गाची वेळ झाली. मंग जेवू." रात्री राहा, असंही म्हणाली. ते चारची गाडी म्हणाले, पण पलंगावर आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन.

तिने कॉम्प्युटर सुरू केला. जुईली आली, आणखी दोघं आली. चंदा पडद्याजवळ सरकून, पाठीमागे झोपलेला माणूस उठू नये म्हणून हळू आवाजात बोलू लागली. मुलं कान देऊन ऐकत होती. थोड्या वेळाने पलंग करकरला. बाबा वळले नव्हते, भिंतीकडेच तोंड होतं.

"हळू काहून बोलून राहिली?" ते म्हणाले. "बोल मोठ्यानं. मले ऐकू येऊ दे."

पडद्यावर तिघं मुलं वाट बघत होती. चंदाने खुर्ची मागे घेतली, घसा साफ केला, आणि धडा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.